यात्रेकरू आणि परका
(ढाणकी येथे महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या मंगलदिनी ‘यात्रेकरू’ या शब्दावर चार विचार मांडावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. हा शब्द आपल्या प्रदेशास नवा नव्हे. आषाढीस पंढरीची वाट धरणारे वारकरी आपणांस परिचित आहेत. पैनगंगेपलीकडे माहूरगडी रेणुकामातेच्या दर्शनास जाणारेही परिचित आहेत. आज नदी ओलांडली म्हणजे केवळ जिल्हा बदलतो. परंतु 1947 सालापर्यंत अलीकडे इंग्रजी अंमल व पलीकडे निजामी अंमल होता. माहूरला निघालेला वऱ्हाडी भाविक पैलतीरी उतरताच परमुलखात पाऊल ठेवीत असे.

यात्रेचा मूळ अर्थ यातच आहे. युरोपातील भाषांत यात्रेकरूस जो शब्द आहे, तो ‘पेरेग्रीनुस’ या लॅटिन शब्दापासून निघाला. आणि त्याचा पहिला अर्थ ‘परका’ असा आहे. संत इग्नाती लोयोला 1523 साली जेरुसलेमला गेले. तेथेच राहावे ही त्यांची इच्छा होती. परंतु तेथील अधिकाऱ्यांनी त्यांस परत पाठविले. पुढे रोमनगरीत स्थिरावल्यावरही आपली जीवनकथा सांगताना ते स्वतःस ‘यात्रेकरू’ असेच म्हणत. पाय थांबले, तरी यात्रा थांबली नव्हती.

संत बेनेदिक्त यांनी सहाव्या शतकात आपल्या मठांस नियम घालून दिला, की दारी आलेल्या पाहुण्याचे प्रत्यक्ष ख्रिस्त समजून स्वागत करावे. आणि गरीब व यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी. म्हणजे यात्रेस दोन बाजू आहेत: एक चालणाऱ्याची, दुसरी दार उघडणाऱ्याची.

येथे आम्हांस आमचाच एक दोष सांगणे भाग आहे. एके वर्षी सप्टेंबरात आम्ही वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेहून परतलो. गळ्यात जपमाळ होती, मनात समाधान होते. त्याच रात्री भर पावसात एक मजूर कुटुंब आमच्या ओसरीशी आले. आम्ही त्यांस पाणी दिले, भाकरीही दिली. परंतु ‘आत या’ हे दोन शब्द आमच्या मुखातून निघाले नाहीत. पहाटे पाहतो तो ओसरी रिकामी! शेकडो मैलांची यात्रा आम्ही केली, आणि उंबरठ्याची एक पायरी आम्हांस उतरवली नाही.

2025 च्या ज्युबिली वर्षाचे बोधवचन ‘आशेचे यात्रेकरू’ असे होते. ते वर्ष सरले, रोमचे पवित्र द्वार बंद झाले. आपल्या घरांची दारे मात्र आपल्याच हाती आहेत. पोटासाठी गाव सोडून कोणी आपल्या दारी येईल, कोणी आपलेच लेकरू दूर शहरी परक्याच्या दारी उभे असेल. त्यास जसे स्वागत मिळावे असे आपणांस वाटते, तसेच आपण इतरांचे करू या.

ही यात्रा आजच, आपल्या उंबरठ्यापासून आरंभावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.