लग्नाची डीव्हीडी मोबाईलवर आणताना: साइझ नको, क्वालिटी ठरवा

आजचा विषय घराघरातला आहे. लग्नाची, मुंजीची, बारशाची एक तरी डीव्हीडी कपाटात पडलेली असतेच. लॅपटॉपला आता ड्राइव्ह नसतो, प्लेअर कधीचा बंद पडलाय, आणि आई म्हणते, "अरे, ते लग्न मोबाईलवर घेऊन दे ना." मग आपण हँडब्रेक हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकतो, आहे त्या सेटिंगवर स्टार्ट दाबतो, फाइल फॅमिली ग्रुपवर टाकतो. डिस्क जाते भंगारात.

इथेच जरा थांबा. त्या डिस्कवर कदाचित आजोबांचं एकुलतं एक हलतंबोलतं चित्रण असेल. आणि व्हिडिओ कन्व्हर्ट करणं म्हणजे झेरॉक्स काढण्यासारखं आहे, प्रत्येक वेळी थोडं काहीतरी जातंच. गेलेलं परत आणता येत नाही. म्हणून आज हँडब्रेकमधली मोजकी पण महत्त्वाची सेटिंग्ज बघू.

पहिलं काम कन्व्हर्ट करणं नाहीच. यूएसबीला लागणारा ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा आणि डिस्कवरचा व्हिडिओ टीएस नावाचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. घरच्या समारंभांच्या डिस्क बहुतेक रेकॉर्डेबल प्रकारच्या असतात. त्यात एक रंगद्रव्य असतं, ते उष्णतेने आणि प्रकाशाने हळूहळू खराब होतं. एका साध्या डिस्कमध्ये मावतं ४.७ जीबी, म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर डझनभर समारंभ बसतील. हे झालं तुमचं ओरिजिनल. पुढचे सगळे प्रयोग याच कॉपीवर करायचे आणि ही कॉपी कधीच उडवायची नाही.

आता या फोल्डरमध्ये काय आहे ते समजून घेऊ. आपल्याकडच्या डीव्हीडी बहुतेक पाल पद्धतीच्या, म्हणजे ७२० बाय ५७६ पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेम. कॉम्प्रेशन एम्पेग-२. तीन तासांचं लग्न एकाच डिस्कमध्ये कोंबलं असेल तर सेकंदाला साधारण साडेतीन मेगाबिटच वाट्याला येतात. त्यामुळे १०८०पी निवडून काही मिळणार नाही. जे पिक्सेल कॅमेऱ्याने टिपलेच नाहीत ते हँडब्रेक कुठून आणणार? फाइल फक्त फुगेल. प्रीसेटच्या यादीत ५७६पी२५ असतो, तिथून सुरुवात करा. आणि ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणू नका, नाहीतर नवरदेव आडवा पसरतो!

दुसरी गोष्ट इंटरलेसिंग. जुना कॅमेरा एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत टिपायचा. आधी एकाआड एक ओळी, मग एक पन्नासांश सेकंदाने उरलेल्या ओळी. जुन्या डबा टीव्हीवर ते छान दिसायचं. मोबाईलवर मात्र कुणी हात हलवला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते दाते तसेच ठेवून एन्कोड केलं तर नंतर नीट काढता येत नाहीत. म्हणून फिल्टर्समध्ये जाऊन डीइंटरलेस चालू करा, यादिफ निवडा. त्यातला बॉब हा प्रकार घेतला आणि फ्रेमरेट ५० केला, तर वरातीतला नाच मूळ टीव्हीवर दिसायचा तितकाच सलग दिसतो.

आता मुख्य मुद्दा. हँडब्रेक विचारतो, क्वालिटी स्थिर ठेवू की बिटरेट ठरवून देता? बरेच जण म्हणतात, "मला ७०० एमबीत बसवायचंय," आणि उलटं गणित करून बिटरेट टाकतात. साइझ आधी ठरवली की एन्कोडरला सगळं तेवढ्यातच बसवावं लागतं, मग चित्राचं काहीही होवो. त्याऐवजी कॉन्स्टंट क्वालिटी निवडा. हा आकडा एक्स२६४ साठी ० ते ५१ असतो. जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आकडा ६ ने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. डीव्हीडीच्या रिझोल्यूशनला १८ ते २२ ही पट्टी योग्य. घरच्या आठवणींसाठी मी १८ किंवा १९ सांगेन. त्याहून फार खाली जाऊ नका. हॉलमधल्या अंधुक उजेडाचे रवाळ ठिपके जपण्यातच सगळी जागा जाते, आणि फाइल ओरिजिनलपेक्षाही मोठी होऊ शकते.

पण १८ की २२, हे ठरवायचं कसं? अख्खं लग्न एन्कोड करून बघू नका. त्यातली सगळ्यात अवघड दोन मिनिटं शोधा. लग्नात ती कुठे असतात? अक्षता पडतात तिथे! शेकडो दाणे हवेत, माणसं उठून उभी, बँड सुरू, फोटोग्राफरचे फ्लॅश. एन्कोडर आधीच्या फ्रेममधलं जे सारखं आहे ते पुन्हा वापरून जागा वाचवतो. इथे सारखं असं काहीच उरत नाही. हँडब्रेकमध्ये रेंज सेकंदांत देता येते. तेवढाच तुकडा १८, २० आणि २२ वर काढा आणि मोठ्या स्क्रीनवर बघा. शालूची जर, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, मागची गर्दी. जिथे चौकोनी ठोकळे दिसायला लागतात किंवा चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, त्याच्या एक पायरी आधी थांबा.

कोडेक कोणता? एच.२६४ आला २००३ मध्ये, एच.२६५ २०१३ मध्ये, एव्ही१ २०१८ मध्ये. नवा कोडेक तितक्याच क्वालिटीला कमी जागा घेतो, हे खरं. पण मावशीच्या जुन्या फोनवर आणि टीव्हीच्या यूएसबीवर चालायचं असेल तर एच.२६४ घ्या. एवढ्याशा चित्रात वाचणारी जागा फार नाही. आणि लक्षात ठेवा, एक्स२६४ चा २० आणि एक्स२६५ चा २० सारखे नसतात.

वेगाच्या प्रीसेटमध्ये स्लो निवडा. रात्री लावा, सकाळी तयार. ग्राफिक्स कार्डवरचं एन्कोडिंग भराभर होतं, पण तेवढ्याच क्वालिटीला सहसा जास्त जागा घेतं. घाई नसेल तर प्रोसेसरलाच काम करू द्या. आवाजाला १६० किलोबिटचा एएसी पुरे. तिथे कंजूषी करू नका, कारण मंगलाष्टकं म्हणणारा तो आवाज आज घरात नसेलही.

शेवटचं, फाइल तयार झाल्यावर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकलीत तर ते तिला परत दाबून लहान करणार. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. मोठी असेल तर पेन ड्राइव्हवर द्या.

तर मंडळी, या रविवारी एवढंच करा. कपाटातली एक डिस्क काढा आणि फोल्डर कॉपी करा. सेटिंग्ज पुढच्या महिन्यातही बघता येतील, पण डिस्क वाचणं बंद झालं तर १८ काय आणि २२ काय. कॉपी झाली की अक्षतांची ती दोन मिनिटं घेऊन बसा, आणि आकडा तुमच्या आईला ठरवू द्या. चेहरे तिच्या ओळखीचे आहेत.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!