बातमी नेमकी कुठल्या दिंडोरीची?

(ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

एसटीत बसला असाल, बागेत काम करता करता कानात हेडफोन घातला असेल, नाहीतर क्लास सुटून स्टँडवर थांबला असाल. जिथं असाल तिथून ऐका. आजचा भाग आपल्या गावाबद्दल आहे, आणि थोडा आपल्या चुकीबद्दलही आहे.

झालं असं की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर रात्री एक मेसेज आला. "दिंडोरी रोड परिसरात उद्या आणि परवा पाणीपुरवठा बंद. नागरिकांनी साठा करून ठेवावा." कोणी टाकला? मीच टाकला. दुसऱ्या ग्रुपवर दिसला, वाटलं लोकांच्या कामाची गोष्ट आहे, पुढं ढकलला. खाली चाळीस अंगठे आले. मला बरं वाटलं.

सकाळी आमच्या शेजारच्या काकू कामाला गेल्याच नाहीत. त्या द्राक्षबागेत रोजानं जातात. घरात दोन लहान नातवंडं, म्हातारी सासू. पाणी दोन दिवस येणार नाही म्हटल्यावर त्या सकाळपासून बोअरवेलवरून हंडे आणत बसल्या. आणि दुपारी नळाला नेहमीसारखं पाणी आलं.

मेसेज खोटा नव्हता बरं का. तो होता नाशिक शहरातल्या दिंडोरी रोडचा! पंचवटीतून म्हसरूळकडे येणारा जो रस्ता, त्या भागासाठी. आपल्यापासून पंचवीसेक किलोमीटर लांब. 'रोड' हा शब्द कुणी वाचलाच नाही. मीही नाही वाचला. काकूंचा एक रोज बुडाला आणि तो माझ्यामुळं बुडाला.

मी जाऊन सॉरी म्हटलं. काकू रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, पाणी येणार नाही हे तू सांगितलंस. मग पाणी खरं कधी येणार, ते कोण सांगतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून हा भाग.

पहिली गोष्ट, आपल्या नावाचा घोळ. 'दिंडोरी' हा शब्द मोबाइलवर शोधून बघा. निम्म्या बातम्या मध्य प्रदेशातल्या निघतात, कारण तिकडं याच नावाचा अख्खा जिल्हा आहे. मग नाशिकचा दिंडोरी रोड. मग दिंडोरी लोकसभा मतदारसंघ. त्यात नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे 'दिंडोरीत मोठी सभा' अशी बातमी मनमाडची पण असू शकते आणि येवल्याची पण. मग दिंडोरी विधानसभा, तिच्यात पेठ तालुकाही आला. मग दिंडोरी तालुका. आणि सगळ्यात शेवटी आपलं गाव, म्हणजे दिंडोरी नगरपंचायतीची हद्द.

यातलं सगळ्यात लहान दिंडोरी आपल्या सगळ्यात जास्त कामाचं. नळ, गटार, घरपट्टी, पथदिवे, कचऱ्याची गाडी, सगळं तिथलंच. आणि बातमी सगळ्यात कमी मिळते ती त्याच दिंडोरीची!

असं का? तर थोडं मागं जाऊ. आपल्याकडं आधी ग्रामपंचायत होती. २०१४ मध्ये सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, त्यात आपणही आलो. नगरपंचायत म्हणजे काय, तर खेड्यातून शहराकडं जात असलेल्या भागाची संस्था. राज्यघटनेतच तसं लिहिलंय. चांगली गोष्ट आहे. पण या बदलात आपली एक गोष्ट गेली. ग्रामसभा.

तुमच्यातले जे मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर, उमराळे अशा गावांतून ऐकताय, त्यांच्याकडं ग्रामसभा आहे. मतदार यादीत नाव असलं की तुम्ही आपोआप तिचे सदस्य. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. आधी सूचना द्यावी लागते, दवंडी द्यावी लागते. त्या सभेत उठून विचारता येतं, की बाबा, हा रस्ता मंजूर झाला होता, कुठं गेला? किती जण जातात, ते तुमचं तुम्हाला माहीत. पण हक्क आहे.

दुसऱ्या टोकाला मोठी शहरं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. आणि आपण? आपण मधले. गाव म्हणावं तर ग्रामसभा नाही, शहर म्हणावं तर घटनेतली ती सक्ती आपल्याला लागू नाही. आपल्या वतीनं बोलायला सतरा प्रभागांचे सतरा नगरसेवक. आपण मतं दिली, ते निवडून गेले, आता सभागृहात काय ठरतं ते आपल्याला कळायचं ते चहाच्या टपरीवर.

दवंडीवाला गेला आणि त्याच्या जागी ग्रुप ॲडमिन आला. फरक असा, की दवंडीवाल्याला कोणी तरी पाठवलेलं असायचं. तो कुठून आलाय, कोणाच्या वतीनं बोलतोय, हे सगळ्यांना माहीत असायचं. आपण मात्र जे दिसेल ते पुढं ढकलतो.

म्हणून आम्ही मित्रांनी आमच्या ग्रुपसाठी चार प्रश्न ठरवले. मेसेज टाकायच्या आधी चारही उत्तरं हवीत. कुठलं? कधीचं? कोणी सांगितलं? आणि आपण करायचं काय?

एक-एक उदाहरण घेऊ.

पावसाळ्यात मेसेज येतो, "धरणातून पाणी सोडलं, सावध राहा." आपल्या तालुक्यात धरणं किती? करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव. यातलं कुठलं? करंजवण आणि पालखेड दोन्ही कादवा नदीवर, करंजवण वर आणि पालखेड खाली. वाघाड कोलवण नदीवर. ओझरखेड आणि पुणेगाव उनंदा नदीवर. पालखेडमधून सोडलेलं पाणी कादवेनं निफाड तालुक्याकडं जातं, पुढं नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीत. म्हणजे सावध राहायचंय ते खालच्या बाजूच्या नदीकाठच्यांनी. धरणाचं नाव नसेल तर त्या मेसेजनं नको त्यांना धडकी भरते, आणि ज्यांना खरंच हलायचंय ते म्हणतात, रोजचंच आहे.

त्यात आकडा असतो, अमुक हजार क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटर. आता डोळ्यासमोर येतंय ना? आणि सकाळी सहाचा आकडा संध्याकाळी सहाला पुढं पाठवला तर तो उपयोगाचा राहत नाही. तारीख आणि वेळ, दोन्ही हवं.

दुसरं, बिबट्या. हा विषय आपल्याकडं चेष्टेचा नाही. रात्री पाणी भरायला शेतात जाणारी माणसं आपल्याच घरातली आहेत. व्हिडिओ येतो, खाली लिहिलेलं असतं "आपल्या मळ्यात". कोणाच्या मळ्यात? कधी? बरेचदा व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा, भलत्याच जिल्ह्यातला. आता तर मोबाइलवर बनवलेले खोटे व्हिडिओही फिरतात. असे पाच खोटे आले, की सहावा खरा आल्यावर कोणी दार लावत नाही. मला खरी भीती याची वाटते. म्हणून खरंच दिसला तर ठिकाण आणि वेळ सांगा, आणि ग्रुपच्या आधी वनविभागाला १९२६ वर फोन करा. माणसाच्या जिवाला धोका असेल तर ११२. बघायला गर्दी करायची नाही, त्याचा मागही काढायचा नाही. मग ग्रुपवर टाका, "अमुक वस्ती, आज रात्री साडेआठ, वनविभागाला कळवलंय, लहान मुलांना बाहेर सोडू नका." चारही उत्तरं आली.

तिसरं, आणि हे खास अठरा-एकोणीस वर्षांच्यांसाठी. आपल्या नगरपंचायतीची मागची निवडणूक २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशी दोन टप्प्यांत झाली, मतमोजणी १९ जानेवारीला. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन निकालामुळं काही जागा नंतर खुल्या म्हणून लढवाव्या लागल्या, म्हणून दोन टप्पे. मुदत पाच वर्षांची. म्हणजे २०२७ च्या सुरुवातीला ती पूर्ण होते. आताच्या कायद्याप्रमाणं नगराध्यक्षही थेट मतदारांनी निवडायचा, म्हणजे नगरसेवक एक आणि नगराध्यक्ष एक, दोन मतं.

आता ऐका. नगरपंचायतीच्या निवडणुकीसाठी मतदार यादी नव्यानं तयार होत नाही. विधानसभेची जी यादी आहे, ती एका ठरावीक तारखेला घेतात आणि तिचे प्रभागाप्रमाणे तुकडे करतात. मग प्रारूप यादी लागते आणि हरकतींना थोडे दिवस मिळतात. त्या हरकतीत 'माझं नाव शेजारच्या प्रभागात गेलंय' हे दुरुस्त होतं. पण 'माझं नाव यादीतच नाही, आता घाला' हे त्या वेळी होत नाही. ते आधीच करून ठेवावं लागतं. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. सतरा पूर्ण झाले असतील तर आगाऊ अर्जही करता येतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणारे दरवेळी दिसतात. तुम्ही त्यात नको.

आणि अर्धी माहिती किती महाग पडते, ते आपण २०२४ च्या लोकसभेला बघितलंच. भास्कर भगरे सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतदारसंघात भगरे आडनावाचेच एक अपक्ष उमेदवार, आणि त्यांच्या चिन्हाचं नाव नुसतं तुतारी. त्या अपक्षांना एक लाखाहून जास्त मतं पडली. मतदारांचा गोंधळ झाला, असं पक्षानं तेव्हा म्हटलं. भास्कर भगरे एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले म्हणून तो विषय तिथं मिटला. पण आपल्या छोट्याशा प्रभागात असाच घोळ झाला तर? तिथं दहा-वीस मतांवर निकाल फिरतो.

आता काकूंच्या प्रश्नाकडं येतो. खोटं ओळखणं एक झालं. खरं कोण सांगणार?

खरं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. नगरपंचायतीच्या फलकावर. घरपट्टीच्या आकारणीवरच्या हरकती, प्रारूप याद्या, निविदा, सभेच्या सूचना. कागद लागतो, उन्हात पिवळा पडतो, मुदत संपते. आपण समोरून गाडीवर जातो, थांबत नाही. सभेत काय ठरलं, त्याचं इतिवृत्त असतं, ते मागता येतं. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. "गावाचा सगळा हिशेब द्या" असं लिहू नका. "आमच्या प्रभागात मागच्या वर्षात गटारीवर किती खर्च झाला आणि काम कुठून कुठपर्यंत झालं," असं विचारा.

यावर आम्ही एक साधं काम सुरू केलंय. दर सोमवारी आमच्यातला एक जण फलकापाशी जातो, नवीन कागदांचे फोटो काढतो, आणि खाली दोन ओळींत साध्या मराठीत लिहितो, हे काय आहे आणि कोणी कधीपर्यंत काय करायचंय. पाणी सोडणाऱ्या दादांशी बोलून आमच्या गल्लीची वेळ रोज टाकतो. एवढंच. पहिल्या सोमवारी तीन अंगठे आले. चालतंय. एका मावशींचा मात्र फोन आला, त्यांच्या घराचं क्षेत्रफळ आकारणीत जास्त दाखवलं होतं आणि हरकतीला चार दिवस उरले होते. फोटोमुळं त्यांना कळलं. अर्ज दिला त्यांनी.

सतरा प्रभाग आहेत. आम्ही एकात आहोत. प्रत्येक प्रभागातून एक जण पुढं आला तर कोणावरच भार पडत नाही, सोमवारची दहा मिनिटं. गावांकडून ऐकणाऱ्यांनो, तुमच्याकडं तर अजून सोपं आहे. पुढच्या ग्रामसभेला जा, मागं बसा, काय ठरलं ते पाच ओळींत ग्रुपवर टाका.

आणि चूक झाली तर? होणार. मग जिथं चूक टाकली तिथंच, त्याच ग्रुपवर, त्याच ठसठशीतपणे दुरुस्ती टाकायची. नुसता मेसेज डिलीट करून गप्प बसायचं नाही. मी पाण्याचा मेसेज डिलीट केला होता आधी. नंतर लिहिलं, "कालचा मेसेज नाशिकच्या दिंडोरी रोडचा होता, चूक माझी." लाज वाटली, पण त्यानंतर लोक मलाच फोन करून विचारतात, "हे खरं का रे?"

काल काकू भेटल्या. म्हणाल्या, "उद्या साडेसहाला येणार म्हणतोस, येईल ना नक्की?"

मी म्हटलं, "काकू, विचारून टाकलंय."

आज सकाळी सहा पस्तीसला आलं. काकू हंडा भरून कामाला गेल्या.

तर मंडळी, हा भाग तुमच्या गल्लीच्या ग्रुपवर पाठवा. आणि पाठवताना आजची तारीख लिहायला विसरू नका! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.