एका ‘हॅव’ची करामत



समजा, शहरातल्या दवाखान्यात असलेल्या नातलगाविषयी कुणी इंग्रजीत चिठ्ठी धाडली : ‘द डॉक्टर कुड हॅव सेव्ह्ड हिम.’ घरातला शिकलेला मुलगा ती वाचून सांगतो, “डॉक्टरांनी वाचवलं!” देवापुढे साखर ठेवली जाते. पण वाक्याचा अर्थ नेमका उलटा आहे. डॉक्टर त्याला वाचवू शकले असते. पण तसं झालं नाही. वाचवलं असं कळवायचं, तर ‘वॉज एबल टु सेव्ह’ लिहायला हवं.

शाळेत आपण पाठ करतो : ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’, ‘विल’चा ‘वुड’, ‘शॅल’चा ‘शुड’, ‘मे’चा ‘माइट’. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. ‘लहानपणी त्याला पोहता येई’ अशा अर्थी ‘कुड स्विम’ म्हणतात, तिथं भूतकाळ खराच. परंतु ‘कुड यू हेल्प मी?’ ही आत्ताचीच, अदबीची विनंती आहे. ‘इट माइट रेन’ म्हणजे कदाचित पाऊस येईल. यात नवल ते काय? आपल्याकडेही कुणी दारात येऊन म्हणतो, “गुरुजी, जरा काम होतं.” काम तर आत्ताच असतं! ‘होतं’ म्हटल्यानं मागणं सौम्य होतं, इतकंच.

मग होऊन गेलेल्या गोष्टीविषयी तर्क किंवा तक्रार कशी सांगायची? त्यासाठी ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप लागतं. शिक्षकबंधूंनी फळ्यावर चार वाक्यं मराठीसह लिहावीत :

‘ही मस्ट हॅव पेड’ : त्यानं पैसे भरलेच असणार.
‘ही मे हॅव पेड’ : कदाचित भरले असतील.
‘ही शुड हॅव पेड’ : भरायला हवे होते, बहुधा भरले नाहीत.
‘ही वुड हॅव पेड’ : भरले असते, पण काहीतरी आड आलं.

शब्द एकच बदलला. पण पहिल्या वाक्यात माणूस बिनबाकीचा, तिसऱ्यात थकबाकीदार! फीच्या वा सोसायटीच्या पत्रात अशी चूक झाली, तर भलत्याच्याच दारी तगादा जायचा.

म्हणून मुलांना केवळ ‘भूतकाळ’ सांगून थांबू नका. आधी मराठीतच विचारा : गोष्ट घडली, घडली नाही, की नक्की ठाऊक नाही? ‘असणार’, ‘असेल’, ‘हवं होतं’, ‘असतं’ यांतला फरक खेड्यातलं पोरही अचूक जाणतं. तो धागा हाती धरला, की इंग्रजीचं कोडं निम्मं सुटलंच म्हणून समजा.