कारखान्याच्या जागी मत्स्यालय



समुद्रातील प्राण्यांचे रक्षण हा विषय मी घेतला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांना थोडे नवल वाटले. पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणारा माणूस पाण्यात कशाला उतरतो, असे त्यांच्या मनात आले असावे. माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा सार्वजनिक वाचनालयात झाली. तिथे वाचलेली एक हकीकत आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. ती प्राण्यांची आहे तितकीच कामगारांची आहे. त्या गावी मी गेलेलो नाही. वाचले तेवढेच सांगतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, माँटेरे नावाचे गाव आहे. तिथल्या उपसागरात सार्डिन मासा, म्हणजे आपल्या तारलीचाच भाऊबंद, अमाप मिळे. किनाऱ्यावरच्या एका रस्त्यावर तो डब्यांत भरण्याचे कारखाने ओळीने उभे राहिले. रात्री होड्या धक्क्याला लागल्या की कारखान्याचा भोंगा वाजे. प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा. आपला भोंगा ओळखून बायाबापड्या मध्यरात्रीसुद्धा अंथरुणातून उठून कामावर जात. सिसिलीहून आलेले इटालियन, जपानी, चिनी, फिलिपिनो, मेक्सिकन अशी नाना देशांची माणसे तिथे राबत. डबे भरण्याचे काम मुख्यत्वे बायकांचे. मासे आले तर काम, नाही आले तर घरी बसा. भोंग्यावर आयुष्य बांधले जाणे म्हणजे काय, हे आपल्यातील गिरणगावच्या माणसांना निराळे सांगावे लागणार नाही.

१९४० च्या आसपास या एका गावात एका हंगामात दोन लाख टनांहून अधिक मासळी उतरत होती. ही सगळी मासळी माणसांच्या पोटात जात होती काय? नाही. बराच मोठा भाग यंत्रात घालून त्याचे तेल काढीत आणि उरलेल्याची कुटी करून कोंबड्यांना चारीत, शेतात घालीत. कारण डब्यापेक्षा त्यात कष्ट कमी आणि नफा अधिक. राज्याच्या मत्स्यखात्यातील शास्त्रज्ञ, मर्यादा घाला, असे बजावीत होते. पण काही मालकांनी कायदा चुकवण्यासाठी किनाऱ्यापासून तीन मैलांच्या हद्दीबाहेर जहाजे उभी केली आणि तेल काढण्याचा कारखाना त्या जहाजावरच चालवला! कायद्याची हद्द संपते तिथून मालकाची हद्द सुरू होते, हा अनुभव काही आपल्याच देशातला नव्हे.

मग १९४० नंतरच्या काही वर्षांत मासळी एकाएकी ओसरली. १९४७-४८ च्या हंगामात वीस हजार टनसुद्धा हाती आली नाही. समुद्राच्या पाण्याचे तापमान काही दशकांनी बदलते आणि त्याबरोबर हा मासा कमी-अधिक होतो, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पण निसर्गाची ओहोटी लागलेली असताना माणसाने उपसा चालू ठेवला, म्हणून घसरणीचा कडेलोट झाला. यंत्रे विकली गेली. एकामागून एक भोंगे बंद पडले. गंमत पाहा, त्या रस्त्याला ‘कॅनरी रो’ हे नाव अधिकृतपणे मिळाले १९५८ साली, म्हणजे धंदा बुडाल्यावर. शेवटचा मोठा कारखाना हॉवडेन नावाच्या गृहस्थाचा. तो १९७३ साली बंद झाला.

आता या हकीकतीचा दुसरा भाग. १९८४ साली त्याच हॉवडेन कारखान्याच्या जागी एक सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पॅकार्ड या उद्योगपती कुटुंबाने त्यासाठी पैसा दिला. मत्स्यालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय येते. काचेमागे रंगीत मासे आणि काचेपुढे पोरांची झुंबड. माँटेरेला तेही आहे. पण या संस्थेने आरंभापासून एक दवाखानाही चालवला. तिथले मुख्य रुग्ण म्हणजे समुद्री पाणमांजरे.

या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंडीपासून त्याला वाचवते ती फर, आणि इतकी दाट फर दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला नाही. हे वैभवच त्याच्या मुळावर आले. एके काळी उत्तर पॅसिफिकच्या काठाने दीड ते तीन लाख पाणमांजरे होती. फरच्या व्यापाऱ्यांनी त्यांचा असा संहार केला, की १९११ साली आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली तेव्हा सगळी मिळून दोन हजारांच्या आसपास उरली होती. कॅलिफोर्नियात ती नष्टच झाली असे लोक समजत होते. पण एका दुर्गम किनाऱ्याला सुमारे पन्नास जीव तग धरून होते. आज तिथे जी तीन हजारांच्या आसपास आहेत, ती त्या पन्नासांची प्रजा.

वादळात आईपासून तुटलेली पिल्ले किनाऱ्याला लागतात. आरंभी माणसेच त्यांना दूध पाजीत, त्यांच्याबरोबर पोहत. पण अशी काही पिल्ले समुद्रात सोडल्यावर माणसांच्याच होड्यांकडे धावू लागली. लळा हाच त्यांचा शत्रू ठरला. मग मत्स्यालयातील सेवकांनी अंगावर काळा झगा आणि तोंडावर वेल्डरचा मुखवटा चढवला, म्हणजे पिल्लाला माणूस ओळखू येऊ नये. कारखान्यातला मुखवटा दाईच्या तोंडावर चढलेला मी प्रथमच ऐकला! २००१ साली याहून चांगला मार्ग सापडला. टूला नावाच्या मादीचे पिल्लू मेलेले जन्मले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी एक अनाथ पिल्लू आले. तिने ते आपले म्हणून घेतले. बुडी मारणे, दगडाने शिंपला फोडणे, सारे शिकवले. तेव्हापासून, जी स्वतः समुद्रात परत जाऊ शकत नाहीत अशा माद्यांकडे अनाथ पिल्ले सोपवतात. जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत २००२ पासून २०१६ पर्यंत पाणमांजरांची जी वाढ झाली, तिच्यातील निम्म्याहून अधिक या दत्तक पिल्लांमुळे आणि त्यांच्या संततीमुळे झाली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

आपण विचाराल, एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? पाणमांजर रोज आपल्या वजनाच्या चौथाईइतके खाते. त्याच्या खाण्यात सी-अर्चिन हा काटेरी चेंडूसारखा प्राणी असतो. तो मोकाट वाढला तर केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाचे रान फस्त करतो. आणि ते रान म्हणजे माशांचे घर. खाडीत तेच पाणमांजर खेकडे खाते. खेकडे माजले की काठ पोखरतात. पाणमांजरे परतल्यावर काठांची धूप पुष्कळ मंदावली, हे २०२४ साली मोजून दाखवण्यात आले.

येथपर्यंत सारे गोड आहे. आता कडू बाजू. पाणमांजर अर्चिन खाते, तसेच ॲबलोनी नावाचे महागडे शिंपले आणि खेकडेही खाते. त्यांवर पोट असलेल्या कोळ्यांना ते चोर वाटले. सरकारने १९८७ पासून सुमारे १४० पाणमांजरे उचलून एका दूरच्या बेटावर नेली आणि कोळ्यांच्या समाधानासाठी दक्षिणेकडचा समुद्र त्यांना बंद केला. बहुतेक पाणमांजरे निघून गेली. कित्येक पोहत आपल्या जुन्या जागी परतली. त्यांनी कायदा वाचलेला नव्हता. २०१२ साली ती योजना गुंडाळावी लागली.

कोळ्याचा राग खोटा नव्हता. त्याचा पत्ता चुकला होता. प्राणी वाचवायचा तर त्याची किंमत कोण भरणार, हा खरा प्रश्न आहे. फरचा नफा व्यापाऱ्याने नेला, कुटीचा नफा कारखानदाराने नेला, आणि भरपाईचे बिल मात्र होडीवाल्याच्या हाती दिले जाते. आपल्या किनाऱ्याकडे पाहा. जाळ्यात अडकून कासवे मरतात, म्हणून अमेरिकेने २०१९ साली आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. कासव वाचायलाच हवे; पण त्या निर्णयाचा भार खलाशाच्या वाट्यावर पडतो. याउलट २०१८ साली महाराष्ट्र सरकारने एक शहाणपणाची योजना काढली. कासव, डॉल्फिन, बहिरी मासा यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि कोळ्याने जाळे कापून तो सोडला, तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई ठरवली. रक्कम अपुरी वाटेल. तत्त्व मात्र योग्य आहे. समाजाचे काम करणाऱ्याचे नुकसान समाजाने सोसावे, एवढेच आम्ही संघटनावाले जन्मभर मागत आलो आहोत.

आणि एक गोष्ट आमच्या चळवळीलाही सांगितली पाहिजे. आम्ही दर मागतो, तास मागतो. कच्चा माल किती उरला आहे, हे क्वचितच विचारतो. सार्डिन संपली तेव्हा मालकाने यंत्रे विकून भांडवल दुसरीकडे नेले. डबे भरणाऱ्या बाईजवळ नेण्यासारखे काही नव्हते. तेव्हा समुद्रात मासा राहील की नाही, हा प्रश्न पगारपत्रकाच्या बाहेरचा नाही. तो पहिल्या ओळीतला आहे.

माँटेरेतच असे विचारणारी एक बाई होऊन गेली. ज्युलिया प्लॅट तिचे नाव. १८९८ साली जर्मनीत प्राणिशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. पण बाई म्हणून विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. सत्तरी ओलांडल्यावर शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावची ती नगराध्यक्षा झाली आणि १९३१ साली, कारखाने जोरात असतानाच, त्यांच्या शेजारचा समुद्राचा एक पट्टा तिने राखीव करवून घेतला. ती १९३५ साली वारली. त्या पट्ट्यात पाणमांजर परतलेले तिने पाहिले नाही. ते परतले १९६० नंतर. तोवर तिथले बी शाबूत राहिले होते.

आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. बंद कारखान्याच्या जागेवर शहराने काय मागावे, याचे दुसरेही उत्तर असू शकते, हे माँटेरेने दाखवले. पण भोंगा बंद पडण्याची वाट न पाहता मागणारे नागरिक त्यासाठी लागतात. ते या मांडवातून निघावेत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.