शपथेचा अर्थ

(आटपाडी येथे सैन्यभरतीस जाणाऱ्या तरुणांपुढे केलेले भाषण)



पहाटे आटपाडीच्या रस्त्यांवर धावणारी मुले आपण सारेच पाहतो. सोळाशे मीटरांची धाव, उंची, छाती यांची तयारी ती जिवापाड करतात. परंतु प्रशिक्षणाच्या अखेरीस कसम परेडच्या दिवशी जी शपथ घ्यावयाची, तिची तयारी कोणीच करून घेत नाही. आज त्याविषयीच चार शब्द बोलावे असे आम्हांस वाटते.

इंग्रजी अमदानीत आपल्या आजे-पणजांनी बादशहाशी इमान राखण्याची शपथ घेतली. आजचा जवान निष्ठा वाहतो ती भारताच्या संविधानास. कोणा पुढाऱ्यास नव्हे, पक्षास नव्हे. आणि गंमत अशी, की भरतीचे किमान वय साडेसतरा वर्षे, मताधिकाराचे अठरा. मत देण्यापूर्वीच मुलगा ज्या ग्रंथासाठी प्राण पणास लावतो, तो ग्रंथ त्याने उघडूनही पाहिलेला नसतो!

गणवेश अंगावर चढला की संघटना काढणे, राजकीय सभेस जाणे, वृत्तपत्रांत लिहिणे यांवर बंधने येतात. न समजता ती सोसावी लागली तर मन कष्टी होते. संविधानाचा अनुच्छेद ३३ समजावून दिला तर उमगते, की सैनिकाचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेचा आहे, वरिष्ठाच्या लहरीचा नाही. १९५० च्या सेना अधिनियमातच अन्यायाविरुद्ध दाद मागण्याची वाटही आहे. शिवाय अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सीमेवरूनही मत देता येते. शिस्त आणि गुलामी यांतील अंतर ते हेच.

घटना ही आपल्या मातीस नवी नाही. आटपाडी औंध संस्थानात असताना, १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी महात्माजींच्या सल्ल्याने प्रजेस स्वराज्याची घटना दिली आणि गावचा कारभार निवडलेल्या पंचायतींच्या हाती सोपविला. येथूनच जवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांस भिंतींवाचून, केवळ विश्वासावर ठेवण्याचा प्रयोग झाला. भिंतीपेक्षा समजून दिलेला शब्द माणसास अधिक घट्ट बांधतो, हा आपल्या परिसराचाच धडा आहे.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ ठरवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार बांधवांना, त्यांच्या पराक्रमाची परंपरा असूनही, सैन्याचे दार बंद केले. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. संविधानाच्या अनुच्छेद १६ ने सरकारी सेवेत जातीमुळे होणारा भेदभाव निषिद्ध केला, १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आपला मुलगा सैन्यात गेला याचा आपणांस अभिमान वाटावा. पण तो बराकीत जातीचा तोरा मिरवील तर त्याच्या शपथेस बट्टा लागेल.

२०२२ पासून अग्निवीरांची सेवा चार वर्षांची आहे. त्यांतील फार तर चतुर्थांश पुढे कायम होतात. बाकीचे ऐन तारुण्यात गावी परततील. ते केवळ हुकूम पाळणारे म्हणून परतावेत, की जाणते नागरिक म्हणून, हे आपल्या हाती आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गावातील निवृत्त जवान आणि शिक्षक यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. प्रास्ताविका, समतेचे अनुच्छेद, अनुच्छेद ३३ आणि मूलभूत कर्तव्ये एवढेच मराठीतून वाचावे, मुलांना शंका विचारू द्याव्या. या तासास मुलींनाही बोलवावे, आणि दार केवळ ज्ञातीच्या मुलांसाठी नव्हे, साऱ्या गावासाठी उघडे असावे.

पाय धावण्यास तयार झालेच आहेत. मनही तयार करू या. जय हिंद!