हे पैसे आता आपले नाहीत



सार्वजनिक संस्थांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. माझ्या व्यवसायाची बहुतेक वर्षे धर्मादाय कार्यालयाच्या बाकांवर आणि संस्थांच्या हिशेबवह्यांत गेली. म्हणून आज मी नव्याने संस्था काढू पाहणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. त्याच्या मनात काम असते, गाठीला थोडे पैसे असतात, आणि कायदा त्याला वाटेतल्या धोंड्यासारखा वाटतो. तो धोंडा नाही, कुंपण आहे. आणि कुंपण पिकासाठी असते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. त्यांना मी इथे गुरुजी म्हणेन. पत्नीच्या नावाने गावात मुलांसाठी अभ्यासिका काढायची, असे त्यांनी ठरवले होते. पिशवीत चाळीस लाखांच्या मुदत ठेवींच्या पावत्या होत्या, घराचा उतारा होता आणि स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेला घटनेचा मसुदा होता. विश्वस्त म्हणून ते स्वतः, दोन मुलगे आणि एक सून. उद्दिष्ट होते, आमच्या ज्ञातीतील गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य. घर संस्थेला देऊन ते हयातभर त्याच घरात राहणार होते. आणि अमेरिकेत स्थायिक झालेला, तिथले नागरिकत्व घेतलेला भाचा दरवर्षी पैसे पाठवणार होता.

त्या मसुद्यात लबाडी कुठेच नव्हती. तरीही तो तसाच नोंदवला असता, तर संस्था जन्मतःच चार ठिकाणी अडली असती. त्या चार जागा म्हणजेच माझ्या भाषणाचा विषय आहे.

पहिली गोष्ट, संस्थेचे रूप. आपल्यापुढे तीन वाटा असतात. विश्वस्तनामा करून सार्वजनिक न्यास स्थापता येतो. किमान सात जण एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढता येते. किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ प्रमाणे नफा न वाटणारी कंपनी स्थापता येते. १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा खासगी न्यासांसाठी आहे, सार्वजनिक न्यासांना तो लागू नाही. पण अजूनही त्याचा हवाला देणारे मसुदे माझ्या टेबलावर येतात. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला १९५० चा कायदा लागू होतो. पूर्वी त्याच्या नावात मुंबई होती, आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम हे त्याचे नाव आहे. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्थासुद्धा या कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक न्यासच ठरते. म्हणून आपल्याकडे संस्थेची नोंदणी दुहेरी असते, आणि परराज्यातून आलेल्या सल्लागारांना ती समजायला वेळ लागतो.

न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. चौकशी होऊन संस्थेचे नाव, विश्वस्त, मालमत्ता, उद्दिष्टे हे सारे सार्वजनिक न्यास नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला पीटीआर म्हणतो त्यात, परिशिष्ट एकवर चढते. हा उतारा म्हणजे संस्थेचा सातबारा. शेतकरी जसा सातबाऱ्यावरच्या नावासाठी जिवाचे रान करतो, तसे विश्वस्तांनी या उताऱ्यासाठी केले पाहिजे. विश्वस्त बदलला, वारला, नवी जागा घेतली, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा असे कलम २२ सांगते. आणि तरीही निधन होऊन वर्षे लोटलेल्या माणसांची नावे कितीतरी उताऱ्यांवर आजही विश्वस्त म्हणून उभी आहेत. नव्या मंडळाचा बँकेतला सहीचा अधिकार, जागेचा करार, सरकारी अनुदान, सगळे मग त्या एका न दिलेल्या अर्जापाशी येऊन थांबते.

गुरुजींच्या विश्वस्त मंडळात घरचीच चार माणसे होती. कायदा त्याला मनाई करत नाही. पण मी त्यांना विनवले, की गावच्या शाळेतली एखादी शिक्षिका आणि संस्थेशी रक्ताचे नाते नसलेला एक जाणता माणूस घ्या. घरातला वाद संस्थेत शिरला की अभ्यासिकेचे कुलूप कोर्टाच्या तारखेवर अवलंबून राहते. हे मी पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट, घर. १९५० च्या कायद्यातील कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इतर जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची, तरी परवानगी लागते. दिलेले घर उद्या मुलाच्या आजारपणासाठी विकू, असे म्हणता येत नाही. त्याहून नाजूक भाग आयकराचा. संस्थापक, विश्वस्त, मोठे देणगीदार आणि त्यांचे नातेवाईक यांना संस्थेच्या मालमत्तेचा फुकट किंवा अपुऱ्या मोबदल्यात उपभोग देता येत नाही. तसे झाले तर त्या लाभाइतक्या रकमेवर तीस टक्के कर बसतो आणि पहिल्याच वेळी तेवढ्याच रकमेचा दंडही होऊ शकतो. गुरुजींचा हेतू शुद्ध होता, पण संस्थेच्या घरात भाडे न देता राहणारा संस्थापक म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लाभार्थीच. मी सुचवले, की घर आज स्वतःकडे ठेवा आणि मृत्युपत्राने संस्थेला द्या. ठेवी मात्र आजच द्या. त्यांना ते पटले.

तिसरी गोष्ट, उद्दिष्ट. १९५० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये गरिबी किंवा विपत्ती यांतून सुटका, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक हिताचे इतर काम हे धर्मादाय हेतू सांगितले आहेत. आयकर कायद्याची व्याख्याही याच वळणाची आहे, तिच्यात योग, पर्यावरण आणि स्मारकांचे जतन यांची भर आहे. हेतू धर्मादाय की नाही, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. गांधीजींनी १९२५ मध्ये स्थापन केलेल्या चरखा संघाला आयकर लावला गेला, तेव्हा तो वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. गरिबांच्या हाताला काम देणे हा धर्मादाय हेतू आहे, असा निकाल १९४४ मध्ये संघाच्या बाजूने लागला. अलीकडे, १९ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत या कसोट्या अधिक कडक केल्या. शिक्षणाच्या नावाने सवलत हवी तर संस्थेचे काम शिक्षणच असले पाहिजे. सार्वजनिक हिताच्या इतर कामात शुल्क किंवा व्यापारी स्वरूपाची जमा असेल, तर ती एकूण जमेच्या वीस टक्क्यांच्या आत हवी. म्हणून दुसऱ्या संस्थेची घटना उतरवून पंचवीस उद्दिष्टे लिहिणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, की जे काम करणार तेच लिहा. प्रत्येक जादा ओळ उद्याच्या नोटिशीला दिलेले निमंत्रण असते.

गुरुजींच्या मसुद्यातला ज्ञातीतील हा शब्द इथेच अडला. १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेली धर्मादाय संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या भल्यासाठी असेल, तर तिला करमाफी मिळत नाही. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी असलेले काम या मनाईत येत नाही. मी हे सांगितले तेव्हा गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, की वर्गात कधी जात विचारून पाढे शिकवले नाहीत, मग हे माझ्या हातून कसे लिहिले गेले. त्यांनी पेन मागितले आणि तो शब्द स्वतःच्या हाताने खोडला. त्या दिवशी एका कर-तरतुदीने एका चांगल्या माणसाला त्याच्याच मोठेपणाची आठवण करून दिली, असे मला वाटते.

चौथी गोष्ट, पैसा. संस्थेला आयकर खात्याची नोंदणी नसेल तर मिळालेल्या देणग्याही तिचे उत्पन्न समजल्या जातात. म्हणून धर्मादाय नोंदणी, पॅन आणि बँक खाते झाले की लगेच संस्थेच्या करमाफीची नोंदणी आणि देणगीदाराला वजावट मिळवून देणारी मान्यता, म्हणजे जुन्या कायद्यात ज्यांना ट्वेल्व्ह एबी आणि एटी जी म्हणत, त्यांचे अर्ज करावेत. सुरुवातीला तीन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी मिळते. ती संपण्याच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतले जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करायचा असतो. ही दुसरी तारीख विसरल्याने कित्येक संस्था अडचणीत आल्या. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा लागू झाला आहे आणि त्यात ना-नफा संस्थांसाठी स्वतंत्र भाग आहे. कलमांचे आकडे बदलले, मूळ कसोट्या त्याच आहेत.

त्यातली मुख्य कसोटी पंच्याऐंशी टक्क्यांची. गुरुजींच्या चाळीस लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला दोन लाख ऐंशी हजार व्याज धरू. त्यातले दोन लाख अडतीस हजार त्या वर्षी अभ्यासिकेवर खर्च व्हायला हवेत, बेचाळीस हजार हातात ठेवता येतात. इमारतीसारख्या ठरावीक कामासाठी जास्त साठवायचे, तर मुदतीत लेखी कळवून पाच वर्षांपर्यंत साठवता येते. मूळ चाळीस लाख कायम निधी म्हणून देत असल्याचे देणगीदाराने लिहून द्यावे आणि ते पैसे कायद्याने ठरवलेल्या गुंतवणुकीतच ठेवावेत. ओळखीच्याच्या धंद्यात, चार पैसे जास्त मिळतात म्हणून, ते कधी ठेवू नयेत.

देणगीदाराची बाजूही समजून घ्या. जुन्या करपद्धतीत तीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस एटी जी असलेल्या संस्थेला दहा हजार देतो, तेव्हा साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळून त्याचा दीड हजार कर वाचतो. याचा अर्थ त्या दहा हजारांतले दीड हजार सरकारी तिजोरीने, म्हणजे आपण सर्वांनी, घातले. करसवलत ही समाजाने न मागता घातलेली वर्गणी आहे, आणि वर्गणी देणाऱ्याला हिशेब विचारायचा अधिकार असतो. दोन हजारांपुढच्या रोख देणगीला ही सवलत नाही, ते यासाठीच. देणगीदारांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला दोनशे रुपये पडतात, तेही यासाठीच. नव्या करपद्धतीत मात्र ही वजावटच नाही. त्यामुळे पुढच्या काळात पावतीसाठी देणारे कमी होतील आणि काम पाहून देणारे उरतील. त्यांना दाखवायला आपल्याकडे काम आणि हिशेब दोन्ही हवे.

भाच्याचे पैसे राहिले. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो, ती विदेशी देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललेल्या माणसाचे पैसे मात्र विदेशी देणगी ठरतात. ते घेण्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचे काम आणि त्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि पैसे प्रथम नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. परदेशातल्या मराठी मंडळांतून मायेने पैसे येतात, पण पहिला रुपया घेण्याआधी पाठवणाऱ्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारायला संकोच करू नका.

मित्रहो, हे सारे नियम ज्या एका वाक्यातून निघतात, ते संस्थापकाने घटनेवर सही करताना मनात म्हणायचे असते, की हे पैसे आता माझे नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. एक पैसा देणाऱ्यालाही तो कारखाना आपला वाटला, ही आपली परंपरा आहे.

या व्यासपीठावरून शासनाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. लहान संस्थांसाठी सोप्या मराठीत नमुना घटना धर्मादाय कार्यालयाने उपलब्ध करावी. वाद नसलेले बदल अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली काढावेत. आयकराचे अर्ज आणि सूचना मराठीतही मिळाव्यात. लहान संस्थांना पाचऐवजी दहा वर्षांची आयकर नोंदणी देण्याचा जो बदल झाला, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. आणि माझ्या वकील व सनदी लेखापाल व्यवसायबंधूंनो, वर्षातून एका लहान संस्थेचे काम विनामूल्य करा. ज्याच्याजवळ चाळीस लाख आहेत तो सल्ला विकत घेईल. ज्याच्याजवळ चाळीस हजार आणि चांगली कल्पना आहे, त्याला आपण हवे आहोत.

विश्वस्तांना माझे एकच सांगणे आहे. घरी गेल्यावर आपल्या संस्थेचा पीटीआर उतारा काढा आणि पुढच्या सभेत तो मोठ्याने वाचा. त्यावरची सगळी माणसे हयात आहेत का, लिहिलेली मालमत्ता जागेवर आहे का, लिहिलेले काम चालू आहे का, ते पाहा. कुठे उत्तर नाही असे आले, तर त्याच महिन्यात बदल अर्ज द्या. सही करण्याआधी मात्र तारीख पाहा. नव्वद दिवस मोजलेले असतात.