पोटात तुटतं तेव्हा



लेकरू तापानं फणफणलं की आई म्हणते, ‘पोटात तुटतंय गं माझ्या.’ नव्या कराराच्या ग्रीकमध्ये अगदी याच जागेवर बोट ठेवणारं एक क्रियापद आहे: स्प्लांख्निझोमाइ. ‘स्प्लांख्ना’ म्हणजे पोटातला ऐवज, यकृत-फुप्फुसांसकट. जुने ग्रीक लोक बळी दिलेल्या जनावराचा हा भाग भाजून खात. तिथून निघालेला शब्द करुणेपर्यंत आला, याची मला मोठी गंमत वाटते.

हे क्रियापद नव्या करारात 12 वेळा येतं, तेही मत्तय, मार्क आणि लूक यांच्याकडेच. नऊ वेळा ते येशूविषयी आहे, तीन वेळा दृष्टान्तांत. त्यातला शोमरोन्याचा दृष्टान्त घेऊ. यरीहोच्या वाटेवर एक माणूस अर्धमेला पडलाय. याजक येतो, लेवी येतो, शोमरोनी येतो. तिघांसाठी लूक ‘इदोन’ हाच शब्द वापरतो. इदोन म्हणजे ‘पाहून’. पाहिलं तिघांनीही. पहिले दोघे पाहून पलीकडच्या कडेनं निघून गेले. तिसऱ्याच्या ‘पाहून’पुढे मात्र येतं ‘एस्प्लांख्निस्थे’, आणि मग क्रियापदांची रीघच लागते: जवळ गेला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले.

‘एस्प्लांख्निस्थे’ या रूपातला ‘थे’ कर्मणीची खूण आहे. रूप कर्मणी, अर्थ मात्र कर्तरी, असं व्याकरणाची पुस्तकं सांगतात आणि विद्यार्थी डोकं खाजवतात. मराठी माणसानं खाजवायचं कारण नाही. आपण ‘मी कळवळा केला’ म्हणतो का? दया करता येते, कळवळा यावा लागतो; भूक लागते, झोप येते, तसा. मराठी बायबलमध्येही ‘कळवळा’च आहे. ग्रीकमध्ये शोमरोनी प्रथमेतच राहतो, आपण त्याला ‘त्याला’ करतो, एवढाच काय तो फरक.

मार्कच्या नवव्या अध्यायात फेपरं येणाऱ्या मुलाचा बाप येशूकडे याचना करतो. त्याच्या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच, मदत करण्याचं. आपलं क्रियापद तिथं नुसतं धातुसाधित होऊन बसलंय: कळवळा येऊन. बापाला मदत मागता आली. कळवळ्याला मात्र त्यानं आज्ञार्थ लावला नाही.